गयेला सोडलेलं फळ

जिजींचं पोट नऊ दिवस साफ झालं नव्हतं. गोष्ट इथूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. ज्यांना किळस वाटत असेल त्यांनी खुशाल उठावं.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. अंधेरीच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. मी सकाळच्या शाळेत मुलींना शिकवायची, दुपारी घरी यायची, स्वयंपाक करायची, ताट वाढायची. लोक म्हणायचे, मृणालिनीनं किती धीरानं घेतलंय. धीर कसला डोंबलाचा! दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. हात कामं करत होते, मी कुठंच नव्हते.

डॉक्टर आले, जिजींचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली.

"खाता काय?"

"भात," जिजी म्हणाल्या.

"आणि?"

"मीठ. कधी मेतकूट."

"अहो, पोटाला काही चोथा नको? फळं खा, पालेभाजी खा, कोंड्यासकट पिठाची पोळी खा. दूध नाहीतर ताक घ्या. आठवड्यात फरक पडला नाही तर हॉस्पिटलात न्यावं लागेल, सांगून ठेवतो." मग बॅग बंद करता करता सवयीनं म्हणाले, "नाहीतर चमचाभर एरंडेल..." आणि तिथंच थांबले. माझ्याकडे बघितलं, जिजींकडे बघितलं, आणि चपला घालून निघून गेले.

त्या एरंडेलाचंही सांगूनच टाकते. मागच्याच्या मागच्या कार्तिकात ह्यांच्या पोटात दुपारपासून दुखायला लागलं. मी म्हणाले, डॉक्टरांना बोलावते. जिजी म्हणाल्या, "उगीच कशाला? काल लग्नात जिलब्या चापून आलाय. दोन चमचे एरंडेल दे. पोट साफ झालं की होईल बरा." आमच्याकडे पोटाच्या कुठल्याही दुखण्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध. मी दोनदा म्हणाले, नको, आधी डॉक्टर. तिसऱ्यांदा म्हणाले नाही. कोमट चहात एरंडेल ओतलं आणि दिलं. ह्यांनी नाक दाबून घेतलं, वर लिंबाची फोड चोखली. तिसऱ्या दिवशी हे हॉस्पिटलातच वारले. अपेंडिक्स होतं, ते फुटलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ह्याच डॉक्टरांनी विचारलं, "एरंडेल कुणी दिलं?" मी म्हणाले, "मी." खोटं नव्हतं ते, कपात ओतणारी मीच. जिजी दोन हातांवर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. धाकटे दीर विद्याधरभाऊजी आणि त्यांची बायको कुंदा, दोघांनीही ते ऐकलं. त्या दिवसापासून भाऊजी माझ्याशी बोलताना माझ्या पायांकडे बघून बोलतात.

मला जिजींचा राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभर मी त्यांना वाढत होते, त्या जेवत होत्या. एरंडेल हा शब्द घरात कुणी काढला नाही. बाटली मी विहिरीपलीकडच्या उकिरड्यावर टाकून आले होते.

वर्षश्राद्ध झालं आणि मार्गशीर्षात भाऊजी जिजींना घेऊन गयेला गेले. आता गयेला गेलं की तिथं एक आवडीचं फळ सोडायचं असतं, जन्माचं. जितकं आवडीचं, तितकं पुण्य जास्त. लोक त्यातही लबाडी करतात. आमच्या शेजारच्या जानकीकाकू कवठ सोडून आल्या. कवठ त्यांनी उभ्या जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं.

जिजी परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्या आवडीची चिंचगुळाची आमटी केली होती. ताटावर बसल्या, आमटीकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "आजपासून माझं मी करून घेईन. मागच्या पडवीत शेगडी मांडून दे."

"का हो?"

"मला बरं पडतं."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पडवीत बसायच्या, मूठभर तांदूळ शिजवायच्या, मीठ घालून गिळायच्या. अडुसष्ट वर्षांची बाई, हात थरथरतात, भाजी चिरायची कशी? मग भाजीच नाही. पोट बंद पडायला आणखी काय लागतं?

ह्या बाईचं खाणं तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. लग्नाकार्यात पंगतीतून अर्धपोटी उठून घरी यायच्या आणि म्हणायच्या, "मृणाल, तुझं काय उरलंय ते वाढ गं." असल्या बाईनं माझं ताट बाजूला सारलं होतं. मी भाऊजींना विचारलं, जिजींनी गयेला काय सोडलं? ते म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, मी पाकीट शोधत होतो. फळच असेल काहीतरी." मला दोनच गोष्टी सुचत होत्या. एक तर त्यांनी असं काही सोडलं होतं जे मी सगळ्यात घालते, चिंच म्हणा, नारळ म्हणा, आणि मला सांगायला त्यांना अवघड वाटत होतं. नाहीतर त्यांनी मनातल्या मनात निवाडा केला होता की ज्या हातांनी पोराला एरंडेल दिलं, त्या हातचं आता नको.

दुसरी गोष्ट मला जास्त खरी वाटत होती. पण ती विचारायची कशी?

डॉक्टर येऊन गेले त्याच संध्याकाळी भाऊजी मुलुंडहून आले. जिजींच्या खोलीत अर्धा तास बसले आणि बाहेर येऊन माझ्या पायांना म्हणाले, "वहिनी, रविवारी मी टॅक्सी घेऊन येतो. तोवर फरक नसला तर जिजींना कायमचंच मुलुंडला नेतो. कुंदा बघेल त्यांच्या खाण्यापिण्याचं. इथं... तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. एकटं राहायची मला भीती नव्हती. पण जिजी ह्या घरातून उठून गेल्या म्हणजे सगळ्या नातेवाइकांच्या लेखी शिक्कामोर्तब झालं: मृणालिनीनं नवऱ्याला मारलं आणि सासूही तिच्या हातचं खाईना. रविवारच्या आत जिजींनी माझ्या हातचा एक घास खावा, एवढंच मला हवं होतं.

तो दिवस मंगळवारचा. मी ठरवलं, केक करायचा.

हसू नका. आम्ही प्रभू लोक, वरखाली विस्तव घालून केक करणं आमच्या घरांत जुनंच. आणि जिजींचा जीव चॉकलेटच्या केकवर. लग्न होऊन आल्यावर मी पहिल्यांदा केला तेव्हा "मेलं काळंकुट्ट काय हे" म्हणाल्या आणि अर्धा एकट्यांनी संपवला. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून त्या अंडं खात नव्हत्या, म्हणून मी दह्यावर करायची. पण तो केक म्हणजे मैदा, लोणी आणि साखर. तो ह्या पोटात गेला असता तर वाटच लागली असती. तेव्हा मैदा काढला. गिरणीतून गहू दळून आणले, पीठ चाळलं नाही, उलट आठवड्याच्या चाळणीतला कोंडा बरणीत होता तोही मूठभर घातला. सुकी अंजिरं रात्रभर भिजवली, वाटली, त्याच पाण्यात गूळ विरघळवला. दोन पिकलेली केळी कुस्करली. लोण्याच्या जागी दोन चमचे तूप. दही, सोडा आणि वांद्र्याहून आणलेल्या डब्यातला कोको. एवढ्यानं दगडसुद्धा हलला असता.

मोठ्या टोपात वाळू तापवली, वाळूवर केकचा डबा ठेवला, वर परात आणि परातीत निखारे. पाऊण तासानं विणायची सुई खुपसून बघितली, स्वच्छ निघाली. घरभर वास सुटला. मी एक फोड बशीत घालून जिजींच्या खोलीत गेले.

जिजी उठून बसल्या. बशीकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या हललेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या.

"कशाचा गं?"

"केळं आणि अंजीर. कोंड्याचा आहे, पोटाला चांगला."

त्यांनी बशी हातात घेतली. क्षणभर मला वाटलं, झालं, खाल्लं. मग बशी उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. "नको मला."

मी बशी उचलली. वाईट वाटलं का? नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून हिशेब केला की केळं नाहीतर अंजीर सोडलेलं दिसतंय.

गुरुवारी पुन्हा केला. केळं नाही, अंजीर नाही. चिकू घातले, खजूर घातला, काळ्या मनुका घातल्या. चिकू आणि कोको एकत्र छान लागतात, हे तुम्हाला फुकटात सांगते. जाळी पहिल्यापेक्षा चांगली पडली. जिजींनी ह्या वेळी बशीसुद्धा हातात घेतली नाही.

"चिकू सोडलात का गयेला?" मी विचारलं.

"नाही."

"खजूर?"

"अगं, नको म्हटलं ना! का पाठीस लागलीयेस माझ्या?" असं म्हणून पांघरूण डोक्यावरून ओढलं. तो केक जानकीकाकूंकडे गेला. काकूंनी निरोप पाठवला, झकास झालाय, पण दोन दिवस फार धावपळ झाली.

शुक्रवारी शाळेतून आले तर मागच्या दारी सुगंधा भांडी घासत होती. सुगंधा आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची, मूळची मालवणची. मला बघून हळूच म्हणाली, "बाई, म्हातारेन आज माझ्या हातची पेज घेतल्यान. मी घरसून माझ्यासाठी हाडलेली, तेच्यात केळा कुस्करून दिलंय. वाटीभर घेतल्यान."

"केळं घातलंस?"

"व्हय. अजून मागी होती."

ज्या जिजींनी उभ्या जन्मात मोलकरणीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्यांनी सुगंधाच्या डब्यातली पेज खाल्ली. केळं घालून. आणि वर मागितली. म्हणजे फळबीळ काही नव्हतं. मीच होते.

आता इथं मी कोसळायला हवं होतं, नाही का? मी सुगंधाला म्हणाले, कढईच्या बुडाला राख लाव, आणि आत जाऊन साडी बदलली. रात्री मुलींच्या वह्या तपासल्या. झोपही लागली.

शनिवारी दुपारी जिजींच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खाटेसमोर जमिनीवर बसले. हातात बशीबिशी काही नव्हती.

"उद्या भाऊजी येतील," मी म्हणाले. "तुम्ही जाल. जायच्या आधी एक सांगा. गयेला काय सोडलंत?"

त्यांनी तोंडावरचं पांघरूण बाजूला सारलं. "तिथल्या गयावळ पंड्यानं विचारलं, माताजी, कोणतं फळ सोडता? मी म्हटलं, पेरू."

"पेरू? तुम्हाला दात कुठे आहेत पेरू खायला?"

"तेच ना. म्हणून हातावर पाणी घेतलं तेव्हा मनात दुसरं म्हटलं. मनात म्हटलेलं तेच खरं धरायचं."

"काय म्हटलंत?"

"तुझ्या हातचं."

झालं. निवाडा लागला, मी मनात म्हटलं. आणि सव्वा वर्षांत पहिल्यांदा मी तो शब्द त्या घरात उच्चारला. "एरंडेलामुळे?"

"हो." जिजी उठून बसल्या. "अगं, तू नको म्हणत होतीस. दोनदा म्हणालीस. मी द्यायला लावलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तोंडाला कुलूप लावून उभी राहिले मी. पोराला मारलं आणि पाप तुझ्या पदरात टाकलं. असल्या बाईचं पेरू सोडून भागतं होय? आवडीचं सोडायचं असतं ना, मग माझ्या आवडीचं ह्या जगात राहिलंय काय? तुझी आमटी, तुझ्या पोळ्या, तुझा तो काळा केक. म्हटलं, हेच सोडते. सगळंच. जन्माचं."

इतके दिवस मी एका गोष्टीची तयारी करून बसले होते आणि समोर आली भलतीच.

"परत नाही घेता येत?" मी विचारलं.

"गयेचं परत घेतात का? नंदूच्या नावानं सोडलंय."

आणि मग मला राग आला. कुठून आला कोण जाणे, पायाच्या नखांपासून आला. त्यांनी मला दोष दिला असता तर चाललं असतं. दोष दिला की माणूस कधीतरी माफ करतं, नाहीतर निदान थकतं. पण ह्याला आता शेवटच नव्हता. त्या जगेपर्यंत मी रांधणार आणि त्या खाणार नाहीत, आणि कारण काय, तर त्यांना ते फार आवडतं!

"अहो जिजी," मी ओरडलेच, "सोडायचं होतं तर तुमचं काहीतरी सोडायचंत! जपमाळ सोडायचीत, तपकीर सोडायचीत! हे माझं होतं. मला विचारलंत? दुसरं काय होतं हो माझ्याकडे?"

जिजींचं तोंड उघडंच राहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या म्हणाल्या, "हे नाही गं आलं माझ्या लक्षात." आणि एकदम म्हातारी दिसायला लागली ती बाई.

मी उठले. "चला. हात धुवा."

"कशाला?"

"केक करायचाय. मी बोटसुद्धा लावणार नाही. तुम्हीच करायचा, मी सांगेन."

त्यांना धरून स्वयंपाकघरात आणलं, पाटावर बसवलं. मी समोर भिंतीला टेकून बसले, दोन्ही हात पदरात गुंडाळून. अंजिरं त्यांनीच कढत पाण्यात भिजवली, त्यांनीच पाट्यावर वाटली. कोको अर्धा जमिनीवर सांडला. केळ्याच्या गुठळ्या राहिल्या. मी म्हणायची, अजून ढवळा, एकाच दिशेनं, अहो एकाच दिशेनं! माझे हात दोनदा पदरातून सुटून पुढे गेले. "लावू नकोस," जिजी कळवळून म्हणाल्या. मी हात मागे घेतले. निखारे त्यांनी खाली जास्त आणि वर कमी घातले. मी सांगितलं, पण तोवर बुडाला करपल्याचा वास आला होता.

त्या केकच्या दोन फोडी जिजींनी दिवेलागणीला खाल्ल्या. वर ताक प्यायल्या. रविवारी पहाटे परसातून परत आल्या, पाय धुतले आणि खिडकीतून मला म्हणाल्या, "झालं गं बाई!" चौदा दिवसांनी झालं म्हटल्यावर त्या आवाजात काय असेल, ते मी सांगत बसत नाही.

नऊ वाजता भाऊजी टॅक्सी घेऊन आले. जिजी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, समोर उरलेला केक.

"बस," जिजी म्हणाल्या. "केक खा."

भाऊजींनी केककडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. "वहिनींनी केलाय?"

"मी केलाय. आणि टॅक्सी परत पाठव, मी कुठे यायची नाही." जिजींनी सुरी खाली ठेवली. "आणि विद्याधर, ऐक. नंदूला एरंडेल मी द्यायला लावलं. ही नको म्हणत होती, दोनदा म्हणाली. कुंदाला सांग. ज्यांना ज्यांना तुम्ही आजवर सांगितलं असेल, त्यांनाही सांग."

मला वाटलं होतं, हे कुणी मोठ्यानं म्हटलं की मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भाऊजी खाली बघत बसले. मग त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा इतका ह्यांच्यासारखा दिसला की मीच दुसरीकडे बघितलं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. ते उठून त्याला पैसे द्यायला गेले.

जिजींनी एक फोड बशीत घातली आणि माझ्यापुढे सरकवली. "घे. तू खाल्लाच नाहीस काल."

बारा वर्षांत त्यांनी मला काही वाढलं नव्हतं, मी वाढू दिलंच नव्हतं. मी घास घेतला. बुडाला करपट, मध्ये कच्चा, गूळ जास्त. मी असा केक केला असता तर जिजींनी नावं ठेवून ठेवून खाल्ला असता, सगळा खाल्ला असता, आणि बशी पुढे करून म्हणाल्या असत्या, अजून आहे का गं? ते आता कधीच व्हायचं नव्हतं.

हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. त्या रविवारी सकाळी तोंडात केकचा घास असताना मी मोठ्यानं रडले, शेजारी गोळा होतील इतक्या मोठ्यानं. भाऊजी धावत आत आले. त्यांना वाटलं, भावासाठी रडतेय. सांगायला लाज वाटते, पण मी माझ्या केकसाठी रडत होते, आणि जिजींना ते कळलं होतं, म्हणून त्या मला गप्प करत नव्हत्या.